चिंचोक्यांचा हिशेब

२०२४ ची दिवाळी आटोपली आणि भाऊबीजेनंतर चौथ्या दिवशी आमची अक्का व दाजी ऊस तोडायला निघाले. ट्रकमध्ये पातेली, सरपण, ज्वारीची पोती, कोपीसाठी ताडपत्री, आणि या सगळ्यावर बसलेली दहा कोयत्यांची वीस माणसे. आमच्या बीड जिल्ह्याबाहेरच्या मित्रांसाठी सांगतो, ऊसतोडीत ‘कोयता’ म्हणजे नवराबायकोची जोडी. एकटा माणूस असला तर त्याला अर्धा कोयता म्हणतात. माणूस मोजायची ही रीत मला लहानपणापासून इतकी सवयीची, की ती विचित्र आहे हे कॉलेजात आल्यावर एका मित्राने हसून दाखवले तेव्हा कळले.

अक्काची दोन पोरे यंदा प्रथमच मागे राहिली. ठकी तिसरीत आणि बारक्या पहिलीत. एरवी दिवाळी झाली की ठकीचे नाव शाळेच्या पटावर राही आणि ठकी उसाच्या फडात बारक्याला सांभाळत बसे. यंदा माझ्या मायने हट्ट धरला, पोरे आमच्याकडे ठेवून घेतली. ट्रक सुटायच्या वेळी अक्का मला बाजूला घेऊन म्हणाली, “तू कालेजात जातूस. माझ्या पोरीला हिशेब शिकीव. मला चौथीपर्यंत शिकून वाचाया येतंय, पर हिशेब नाही येत. तिला यावा.”

मला वाटले, त्यात काय अवघड आहे? मी दुसऱ्या वर्षाला अर्थशास्त्र घेतलेला विद्यार्थी. आमच्या घराण्यातला कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस. आठ वर्षांच्या पोरीला रुपये-पैसे शिकवणे म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

पहिल्या दिवशी मी तिच्या गणिताच्या पुस्तकातली नाण्यांची आणि नोटांची चित्रे काढून बसलो. शंभरातून पासष्ट गेले, राहिले किती? तिने पाटीवर पटकन मांडून पस्तीस सांगितले. मी खूश. दुसऱ्या दिवशी खरी शंभराची नोट हातात देऊन तिला दुकानात धाडले. सामान पासष्टाचेच होते. परत आली तेव्हा हातात तेहेतीस रुपये आणि गालात गोळी. सुटे नाहीत म्हणून दुकानदाराने दोन रुपयांच्या दोन गोळ्या दिल्या होत्या. एक तिने खाल्ली, एक बारक्याला दिली. हिशेब जुळला होता, फक्त दोन रुपये पोटात गेले होते.

“तिथं मोजून घेतले होतेस का?”

“नाही.”

“कामून?”

“लोकं होते की दुकानात.”

मी गप्प झालो. मी सात वर्षांचा असताना असाच पन्नासची नोट घेऊन एका दुकानात गेलो होतो. मागे गर्दी होती, दुकानदाराने मूठभर पैसे हातावर ठेवले आणि मी तसाच पळत घरी आलो. मायने मोजले तर दहा रुपये कमी. तिने मला परत पाठवले. दुकानदार सगळ्यांदेखत म्हणाला, “पैसे हितंच मोजायचे असतेत. घरी जाऊन कमी पडले म्हणणारे लई येतेत.” लोक हसले. मी रिकाम्या हाताने आलो आणि माय त्या दहा रुपयांसाठी रात्रभर बोलली नाही. त्या दिवशी मला वजाबाकी येत होती. चांगली येत होती! नव्हते येत ते गर्दीत उभे राहून, कुणाकडे न बघता, हातातले पैसे मोजणे. ज्याच्या घरात उधारी असते त्याच्या पोराला दुकानात मान वर करणेच जड जाते, मग मोजणे कुठले?

म्हणून पुस्तक बाजूला ठेवून आम्ही अंगणात तालीम सुरू केली. मी दुकानदार, बारक्या म्हणजे मागची गर्दी. त्याचे काम ठकीला ढकलायचे आणि ‘चल की गं लवकर’ म्हणून ओरडायचे. हे काम त्याने फार जीव ओतून केले. ठकीने पैसे हातावर घ्यायचे, मोठ्याने मोजायचे, मगच उंबऱ्यावरून हलायचे. आठवडाभराने ती खऱ्या दुकानात गेली. मी लांबून बघत होतो. तिने “दहा, वीस, तीस, पस्तीस” असे मोजले. दुकानदार म्हणाला, “काय गं, माझ्यावर इस्वास नाही का?” ती म्हणाली, “मामानं मोजाया सांगितलंय.” म्हणजे सगळे खापर माझ्यावर. पण ती मोजून आली.

गोळ्यांचे प्रकरण मात्र तिने सोडले नव्हते. एके दिवशी म्हणाली, “मामा, तो आपल्याला रुपयाची गोळी देतो. मग आपण त्याला गोळी दिली तर त्यो साबण देईल का?” मी हसलो, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आले की आमच्या सरांनी वर्गात ‘सर्वमान्यता’ हा पैशाचा पहिला गुण म्हणून अर्धा तास शिकवला होता, तो या पोरीने एका गोळीत विचारला. आणि ही सर्वमान्यता तरी कसली? पन्नास पैशांचे नाणे आजही कायद्याने चालते, पण आमच्या गावात ते द्यायला गेलात तर लोक तुमच्याकडे दया आल्यासारखे बघतील. दहा रुपयांच्या नाण्याची तीच गत. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर सांगितले, की या नाण्याचे चौदा नमुने निघालेले आहेत आणि ते चौदाही खरे आहेत. तरी आमच्याकडे अजून कुणी कुणी ते ‘चालत नाही’ म्हणून परत करतो. नाणे सरकार पाडते, पण चालवतात लोक, हे मला ठकीला सांगावे लागले.

नोटेचे मला स्वतःलाच कोडे आहे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. हंगामाचे दिवस, अण्णांच्या बंडीच्या आतल्या खिशात उचलीतल्या पाचशेच्या नोटा होत्या. संध्याकाळी त्या पैशाने ज्वारी येत होती, सकाळी येईना. अण्णा त्या नोटा उलटसुलट करून बघत होते, जणू काही त्यांच्यावरची अक्षरे पुसली असावीत. बँकेच्या रांगेत त्यांचे दोन दिवस गेले. नोटा बदलून मिळाल्या, पण ते बघणे माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

ठकीला नोट दाखवताना मी हे काही सांगितले नाही. तिला नोटेच्या पाठीमागची भाषांची पट्टी दाखवली. पंधरा भाषांत एकच रक्कम लिहिलेली असते. तिने बोट ठेवून वरून आठवी ओळ शोधली, “शंभर रुपये”, आणि आपली भाषा सापडली म्हणून टाळी वाजवली. वीसच्या नव्या, हिरवट पिवळ्या नोटेवर वेरूळची लेणी आहेत हे कळल्यावर तर ती नोट घेऊन घरभर फिरली. वेरूळ आपल्या मराठवाड्यातले! नोटेवर आपले काही असू शकते, ही कल्पनाच तिला नवी होती. मलाही.

या वीसच्या नोटेमुळे आमची आजी शिकवणीत शिरली. आजी ऐंशीच्या घरातली, शाळेचे तोंड न पाहिलेली. ती इसाने मोजते. इसा म्हणजे वीस. पाच इसा म्हणजे शंभर. पासष्ट तिला ठाऊक नाहीत, तिला ‘तीन इसा आन पाच’ ठाऊक आहेत. तिने ठकीपुढे वीसच्या पाच नोटा मांडल्या आणि म्हणाली, “ह्या इसाच्या नोटा. झालं शंभर. तुझ्या मामाला येवढ्यासाठी पुस्तक लागतंय.” ठकीला ही रीत इतकी आवडली की ती काही दिवस शाळेतही इसाने मोजू लागली आणि बाईंची तक्रार आली.

आजीच्या बोलण्यात अजून चार आणे, आठ आणे, बारा आणे असतात. पावलीची नाणी ३० जून २०११ पासून कायमची बंद झाली, पण आजीच्या तोंडातून ती कोण काढणार? ठकीने विचारले, चार आणे म्हणजे पंचवीस पैसे, मग एक आणा म्हणजे किती? मी मांडून दाखवले, सव्वासहा. आणि इथे आजी एकदम तरतरीत झाली. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा ती बारा वर्षांची होती. तोवर रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाला चौसष्ट पैसे. मग रुपयाचे शंभर झाले. आता सव्वासहा पैसे द्यायचे कसे? आण्याला सहाच नवे पैसे मिळत. आजी म्हणाली, “आणा मोडला की पाव पैसा दुकानदाराच्या घशात. चार आणे एकदम मोडले तर पुरे पंचवीस मिळायचे. म्हून माझी माय आणा आणा करून कधी मोडायची न्हाई. चार सासवा-सुना मिळून चार आणे करायच्या, मग मोडायच्या.” सर, मी दशमान नाणेपद्धतीवर परीक्षेत टीप लिहिली आहे. त्या टीपेत या चार सासवा-सुना नव्हत्या.

नाणी ओळखून झाली तेव्हा मी दुकान-दुकान मांडायचे ठरवले. खऱ्या पैशांनी खेळण्याइतके पैसे घरात नसतात, म्हणून आजीने चिंच फोडून ठेवलेले चिंचोके घेतले. एक चिंचोका एक रुपया. बारक्या दुकानदार झाला. खडे म्हणजे साखर, वाळू म्हणजे रवा, विटेचा चुरा म्हणजे तिखट. मी ठकीला वीस चिंचोके दिले आणि बघत बसलो. ती ऐटीत दुकानात गेली, साखर घेतली, रवा घेतला, तिखट घेतले आणि चिंचोके तसेच मुठीत ठेवून म्हणाली, “लिव्हून ठिवा.” बारक्यानेही तितक्याच सहजपणे जमिनीवर काडीने रेघ मारली आणि म्हणाला, “मागचं कधी देनार?”

मी त्यांना पैसा शिकवायला बसलो होतो. उधारी त्यांना कुणी शिकवली नव्हती. आईच्या कडेवर बसून ती त्यांनी पाहिली होती, जशी मी पाहिली. रोकड ही आमच्याकडे पाहुणी. उधारीची वही मात्र घरची. मी त्यांना रागावणार होतो, पण काय म्हणून रागावू?

मोबाईलने आणखी घोळ घातला होता. आमच्या गावच्या चहाच्या टपरीवरही आता तो काळ्या-पांढऱ्या चौकटीचा कागद चिकटवलेला असतो. लोक मोबाईल दाखवतात आणि चहा पिऊन जातात. बारक्याची समजूत अशी की मोबाईल असला की पैसे लागत नाहीत. “मामा, मोबाईल दाखव की, गोळी घेऊ,” असा त्याचा रोजचा धोशा. मी त्याला खात्यावर उरलेले बावन्न रुपये दाखवले, पाचाचा बिस्किटपुडा घेतला आणि सत्तेचाळीस झालेले दाखवले. त्याने मोबाईल उलटा करून हलवून पाहिला. चिंचोके मुठीतून जाताना दिसतात, मूठ हलकी होते. आकडा नुसताच बदलतो. पहिलीतल्या पोराला हे समजावणे मला अजून साधलेले नाही, आणि खरे सांगू का, मोठ्यांनाही ते साधले आहे असे माझ्या कॉलेजच्या कट्ट्यावरून वाटत नाही.

डिसेंबरात थंडी वाढली. एके रात्री ठकीने विचारले, “आई कधी येणार?”

माय चुलीपाशी होती. ती म्हणाली, “उचल फिटली की.”

“मामा, उचल म्हंजी काय?”

मी म्हणालो, उद्या सांगतो. उद्या मी साठ चिंचोके मोजून तिच्या पदरात घातले. “ही तुझी उचल. काम करायच्या आधीच दिली. आता हौदावरून पाण्याची एक कळशी आणलीस की एक चिंचोका फिटला.” तिने लगेच हिशेब केला. रोज तीन कळशा, म्हणजे वीस दिवस. सोपे आहे की! ती खूश होऊन पाणी आणू लागली. मी वहीत मांडू लागलो. शनिवारी तिने गोळ्यांसाठी पाच चिंचोके मागितले. मी दिले आणि उचलीत मिळवले. “ही खर्ची. आईलाबी आठवड्याला पिठा-मिठासाठी मुकादम खर्ची देतो, ती उचलीत चढते.” तिने कपाळाला आठ्या घातल्या. पुढच्या मंगळवारी तिला ताप आला. एक दिवस पाणी आणले नाही. मी वहीत लिहिले, खाडा, पाच चिंचोके चढले.

“का? मी आणलं नाही तर नका कमी करू. चढवता कामून?”

“टोळीत तसाच नियम असतो. खाडा झाला की दंड.”

“पर ताप मी आणला व्हता का?”

मला उत्तर सुचेना. ती म्हणाली, “आता किती राहिलेत?” मी वही पाहून सांगितले. दहा दिवसांत तिने सत्तावीस कळशा आणल्या होत्या आणि राहिले होते त्रेचाळीस. तिने साठातून सत्तावीस वजा करून तेहेतीस काढले होते. तिने चिंचोक्यांचा ढीग हाताने उधळून दिला. “खोटाय हा खेळ. मला नाही खेळायचा.” चिंचोके घरभर झाले. ते वेचताना मला माझीच लाज वाटली, कारण दंड लिहिताना माझ्या हाताला काही जड गेले नव्हते. वही माझ्याकडे होती ना! मुकादम व्हायला मला फक्त दहा दिवस लागले.

रात्री अंधारात ती म्हणाली, “आईला ताप आला तर?”

दोन दिवसांनी तीच वही घेऊन आली. “आईनं उचल कशाला घेतली ते सांग.” मी म्हणालो, “ऐंशी हजार घेतली.” “किती ते नाही, कशाला ते.” मग मी लिहीत गेलो आणि ती बघत राहिली. मागच्या हंगामाची बाकी २६,०००. सासऱ्यांचा दवाखाना १८,०००. घरावरचे पत्रे २१,०००. बियाणे आणि खत ९,०००. इथे मी पेन खाली ठेवले.

तिने हजार बाजूला काढून नुसत्या आकड्यांची बेरीज केली. बोटे मोडली, ओठ हलवले. “चौऱ्याहत्तर. मामा, सहा कमी पडतेत.”

“असेल काही किरकोळ.”

“किरकोळ म्हंजी?”

तीनच महिन्यांपूर्वी जिला दुकानात पैसे मोजायचा धीर नव्हता ती पोरगी माझ्या तोंडाकडे बघत होती. आता मी दुकानदार होतो आणि ती उंबऱ्यावरून हलत नव्हती. जून २०२४ मध्ये माझा दुसऱ्या वर्षाचा प्रवेश, परीक्षेची फी, पुस्तके आणि एक वापरलेला मोबाईल, असे मिळून अक्काने मला सहा हजार दिले होते. उचल हातात आली त्याच आठवड्यात. मी ते घेताना ‘देतो परत’ म्हणालो होतो आणि नंतर त्याचा विचार केला नव्हता. मी पेन उचलले आणि लिहिले, मामाचे कॉलेज ६,०००.

ती काही बोलली नाही. तिला दिवस काढायचे होते. टोळीला टनाला ३६६ रुपये धरले होते. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, त्यानंतरचा हा दर. दहा कोयते मिळून दिवसाला अठरा टनांच्या आसपास भरत. टनाचे क्विंटल केले म्हणजे एकशे ऐंशी भागिले दहा, एका कोयत्याला अठरा क्विंटल. दोघांचे मिळून दिवसाचे साडेसहाशेच्या वर. तिला भागाकार नीट येत नव्हता, म्हणून ती साडेसहाशे साडेसहाशे मिळवत गेली. नवव्या वेळी थांबली. माझ्या ओळीपुढे तिने तिच्या गोल अक्षरात लिहिले, “९ दिवस आणि थोडे”. मग पत्र्यांपुढे लिहिले ३२, दवाखान्यापुढे २७. ती सगळ्या ओळींचे दिवस काढत बसली. मला मात्र पुढचे काही दिसेना. नऊ दिवस म्हणजे पहाटे चारला उठून थंडीत, पाचटाने कापलेल्या हातांनी. मी त्या नऊ दिवसांत काय केले होते? तिसऱ्या तासाला दांडी मारून कँटीनमध्ये बसलो होतो. तसे एक-दोनदा नव्हे, बरेचदा.

त्या दिवसापासून संध्याकाळी अक्काचा फोन आला की ठकी आधी ‘जेवलीस का’ विचारी आणि मग ‘आज गाडी किती टनाची भरली?’ अक्का प्रथम हसायची. मग सांगू लागली. ठकी दहाने भागायची आणि तारीख घालून लिहायची. एखादे दिवशी फोन लागला नाही तर दुसऱ्या दिवशी दोन्ही दिवसांचे विचारायची. सुरुवातीच्या दिवसांचे आकडे अक्काने आणि दाजींनी आठवून आठवून सांगितले.

त्या वर्षी ऊस कमी होता. मार्चच्या पहिल्या आठवड्यातच त्यांचा कारखाना बंद झाला आणि ट्रक परत आला. अक्का वाळून काळी पडली होती. बारक्या पहिले दहा मिनिटे तिच्याजवळ गेला नाही, मग जो चिकटला तो सुटेना.

दोन दिवसांनी हिशेब झाला. दाजींनी ठकीची वही बरोबर नेली, मीही गेलो. मुकादमाच्या वहीत आमच्या कोयत्याचे १,७२४ क्विंटल होते, ठकीच्या वहीत १,७६०. छत्तीसचा फरक, म्हणजे पुरे दोन दिवस. मुकादमाने वही हातात घेतली, ते गोल अक्षर पाहिले आणि विचारले, “हे कुणी लिवलंय?” दाजी म्हणाले, “पोरीनं.” तो हसला. पण तारखा होत्या. त्याने आपली वही पुन्हा चाळली. एक गाडी लिहायची राहिली असल्याचे त्याने कबूल केले आणि अठरा क्विंटल चढवले. दुसऱ्या दिवशी तुमचा खाडा होता, यावर मात्र तो अडून बसला. दाजी म्हणाले खाडा नव्हता. मुकादम म्हणाला होता. तो दिवस तसाच राहिला. कमाई ६३,७५७ रुपये २० पैसे. उचल आणि पंधरा हजार खर्ची मिळून ९५,०००. अंगावर बाकी ३१,२४२ रुपये ८० पैसे.

“ऐंशी पैसे सोडले,” मुकादम म्हणाला आणि पुन्हा हसला.

घरी आल्यावर ठकीने सगळे विचारून घेतले. “ऐंशी पैसे सोडले” हेही तिने लिहून ठेवले, कारण पन्नास पैसे कुणी घेत नाही हे तिला ठाऊक होते, तेव्हा यात त्याने सोडले काय, असा तिचा प्रश्न होता. मग ती वही घेऊन आईच्या मांडीवर बसली. अक्का एकेका ओळीवरून बोट फिरवत अक्षर लावून वाचत होती. दवाखाना. पत्रे. खत. शेवटच्या ओळीवर तिचे बोट थांबले. तिने माझ्याकडे पाहिले नाही. ठकीला म्हणाली, “हे कुणी लिवलं? खोड ते. भावाला दिलेलं हिशेबात धरत नसतेत.”

ठकी म्हणाली, “ते खोडलं तर बेरीज चुकती, आई.”